अक्कांच्या दुकानासमोरचा दिवा

साखर तोलताना अक्का तागडीकडे बघायच्याच नाहीत. नजर सदा दाराकडे. तरी माप कधी कमी भरलं नाही. लग्न होऊन नागपूरहून बंगळूरला आलेल्या मला ते विचित्रच वाटायचं. नवरा सकाळी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात निघून जायचा, कन्नड मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं, आणि गल्लीत मराठी ऐकू येणारं ठिकाण म्हणजे अक्कांचं किराणा दुकान. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. त्यांच्या मराठीला मी हसायची आणि माझ्या मराठीला त्या.

"स्वल्प बस की गं. घरी जाऊन भिंतीशी बोलणार का?" असं म्हणून त्या तांदळाच्या पोत्यावर बसवून घ्यायच्या. संध्याकाळी गल्लीतल्या बायकांची तिथे बैठकच भरायची.

दाराकडे बघण्याचं कारण पुढे कळलं. अक्कांच्या सासऱ्यांच्या मागे दुकान धाकट्या दिराच्या नावावर झालं होतं आणि त्याने अर्ध्या दुकानात बिअर विकायचा परवाना मागितला होता. "डाळ-तांदळात आता काय उरतं, वहिनी?" हा त्याचा एकच धोशा. विधवा अक्कांनीच त्याला लहानाचा मोठा केलेला. तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमेना. पण बाटल्या आल्या की बायका यायच्या बंद होतील, मग उरलेलं अर्धं दुकानही जाईल, या धास्तीने त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. दारात अनोळखी माणूस दिसला, की तपासणीचे साहेबच आले असं त्यांना वाटायचं.

आम्हाला आशा होती ती समोरच्या पिंपळाच्या कट्ट्याची. त्यावर नागाचे दगड होते, आणि रोज पूजा होणाऱ्या देवळाजवळ दारूचा परवाना देत नाहीत. रोज पूजा होते म्हणून सांगायचं, असं आम्ही बायकांनी ठरवून टाकलं. साहेब आले, कट्ट्याभोवती फिरले आणि म्हणाले, "रोज पूजा होते का, अम्मा?"

आम्ही माना डोलावणार, एवढ्यात अक्का म्हणाल्या, "नाही. नागपंचमीला फक्त."

मी कपाळावर हात मारून घेतला. इतका राग आला होता, की दोन दिवस मी दुकानाची पायरी चढले नाही. "नागप्पाच्या समोर उभं राहून खोटं कसं बोलू गं?" एवढंच त्यांचं म्हणणं.

वर्षभराचा परवाना मिळाला. फ्रीज आला, मधे फळ्यांची भिंत आली, पायरीवर माणसं रेंगाळू लागली. बायका लांबच्या दुकानात जाऊ लागल्या. मात्र ज्या दिवशी फ्रीज आला, त्याच संध्याकाळी अक्कांनी कट्ट्यावर दिवा लावला. मग रोजच. अंगात ताप असला तर मला निरोप यायचा, आणि मी लावून आले तरी त्यांना चैन नसायचं. "लावलास ना? वाऱ्याने गेला नाही ना? पुन्हा एकदा बघून ये की." हळूहळू बाकीच्या बायकाही फुलं घेऊन यायला लागल्या.

वर्ष सरलं. परवान्याच्या नूतनीकरणासाठी तेच साहेब आले. दीर शेजारीच उभा होता.

"रोज पूजा होते का, अम्मा?"

"होते."

"गेल्या वर्षी नाही म्हणाला होतात."

"गेल्या वर्षी होत नव्हती."

दिराने अक्कांकडे बघितलं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

निर्णय यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत अक्का निम्म्या झाल्या. शेवटी परवाना नाकारला गेला आणि फ्रीज टेंपोतून गेला. "माझ्या पोटावर पाय दिलास वहिनी. हे दुकान तुलाच लखलाभ," म्हणून दीर व्हाइटफील्डकडे राहायला गेला. बायका परत आल्या, पोत्यावरची बैठक पुन्हा भरू लागली. तो मात्र फिरकला नाही.

पुढे नवऱ्याची पुण्याला बदली झाली. निघायच्या आधी मी दिवाळीचा रवा घ्यायला गेले. अक्का तोलत होत्या, आणि डोळे तसेच दाराकडे.

"आता कुणाची भीती, अक्का?"

"भीती नाही गं," त्या म्हणाल्या. "दिवाळी आहे ना. येईल की तो."

मीही वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं.