चिंचेने घासलेलं रोमी नाणं

लग्न होऊन कुवेतला आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि अक्कल रत्नागिरीच्या बंदरावरच विसरून आले होते. शर्क मोहल्ल्यात आमच्या दोन खोल्या. पाणी टँकरचं, मोजकं. धूळ अशी की सकाळी झाडलेलं दुपारी पुन्हा झाडायचं. संध्याकाळी मी उभ्या उभ्या पेंगायची.

हे एका इंग्रज साहेबाच्या ऑफिसात कारकून होते, पंख्याखालची नोकरी. साहेबाने बैरूतहून जुन्या रोम राज्यातलं रोमी नाणं आणलं होतं, काशाचं, हिरवंगार. त्याला लाकडी डबी करवून घ्यायची म्हणून मापासाठी ह्यांच्याकडे दिलं. ह्यांनी ते फडताळात ठेवलं आणि हात लावू नकोस म्हणून बजावलं.

मी लावला. एका बाजूला बादशहाचं डोकं, त्यावर किरणांचा काटेरी मुकुट. दुसऱ्या बाजूला एक बाई उभी, एका हातात तराजू, दुसऱ्या काखेत फळांनी भरलेलं शिंग. मला वाटलं, राणी असूनही बिचारी बाजारहाट करूनच दमलीय. चेहरा मात्र हिरव्या पुटाखाली होता. तो बघायचा मला ध्यासच लागला.

ईदच्या आधी आमच्यात घरातलं सगळं तांबं-पितळ घासायला निघतं. चिंच भिजवली, कोळशाची राख घेतली, आणि परातीनंतर राणीचा नंबर लावला. साहेब खूश होऊन ह्यांना बढती देईल, ही माझी हुशारी. चांगलं दाबून घासलं. नाणं लखलखलं. मुकुट गेला, तराजू गेला, बाईच्या जागी वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा उंचवटा उरला.

हे आले तेव्हा मी नाणं पुढे केलं आणि विचारलं, कसं चमकतंय? ह्यांनी ते दिव्याजवळ नेऊन उलटसुलट केलं.

"तो हिरवा रंग म्हणजेच त्याचं वय होतं गं," एवढंच म्हणाले.

साहेबापुढे ह्यांनी दोष स्वतःवर घेतला, नाणं आपणच साफ केलं म्हणून सांगितलं. साहेब ओरडला नाही. शहराबाहेर फिंतासला उघड्यावर पाइपांचे ढीग होते, त्यांच्या देखरेखीवर ह्यांना पाठवलं. तीन उन्हाळे. हे घरी यायचे ते डोळे लाल, मानेची कातडी सोललेली.

एकदा न राहवून मी म्हटलं, "साहेबाला माझं नाव सांगा ना."

"म्हणजे माझ्या जागी तुला पाठवेल? तू पाइपसुद्धा घासून ठेवशील."

असं म्हणून हे भिंतीकडे तोंड करून झोपले. मी ताट झाकून ठेवलं.