भजनी मंडळाचे ड्रॉप्स

मेडिकलच्या काउंटरवर औषधं विकली जातात आणि गोष्टी जमा होतात. माणूस खोकल्याचं सिरप घ्यायला येतो आणि जावयाची तक्रार सांगून जातो. माझं दुकान डिलाईल रोडला आहे. माझ्याकडे सगळ्यात जास्त साठले ते नाकाच्या ड्रॉप्सचे किस्से, आणि त्यातले बरेचसे आमच्या चाळीतल्या एकाच भजनी मंडळाचे.

मंडळाच्या पेटीच्या खोक्यात, बुक्क्याच्या डबीशेजारी, चोंदलेलं नाक उघडणाऱ्या ड्रॉप्सची बाटली असायची. भजनाला बसायच्या आधी उदबत्ती लागायची आणि बाटली फिरायची. बुवांपासून झांजवाल्यापर्यंत प्रत्येक जण मान मागे टाकून दोन-दोन थेंब घ्यायचा. सगळ्या नाकांना मिळून एकच बाटली! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला घामच फुटला.

पखवाजवाले बबनराव तर ठणठणीत. त्यांना कधी साधी शिंक आलेली कुणी ऐकली नव्हती. तुम्ही कशाला घेता, असं विचारलं तर म्हणाले, "सगळे घेतात. मी एकटाच तसाच बसलो तर बरं दिसत नाही, ताई."

त्याच दिवशी मी ठरवलं, ही बाटली बंद करायचीच.

*

आधी दुकानात बोर्ड लावला: 'नाकाचे ड्रॉप्स चार-पाच दिवसांच्या वर घालू नका. पुढे औषधामुळेच नाक चोंदतं.'

मंडळाचे खजिनदार बँकेतून रिटायर झालेले, आता दादरला राहतात. त्यांनी चष्मा लावून बोर्ड दोनदा वाचला आणि माझं कौतुक केलं. "अगदी बरोबर लिहिलंस. म्हणून तर मी दर पाचव्या दिवशी कंपनी बदलतो."

नावं वेगळी असली तरी आतलं औषध तेच, हे त्यांना पटवताना माझाच घसा बसला.

*

झांजवाल्याची बायको तान्ह्या नातवासाठी मोठ्यांचेच ड्रॉप्स मागायला आली. मी नाही म्हटलं. ती घासाघीस करू लागली, की अर्धाच थेंब घालते.

"अर्धा थेंब नको," मी म्हटलं, "डॉक्टरांकडे अख्खं बाळ घेऊन जा."

महिनाभर बोलली नाही माझ्याशी. चालेल.

*

खरी लढाई बुवांशी होती. त्यांच्या उशीखाली बाटली, सदऱ्याच्या खिशात बाटली, देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे बाटली. सर्दी किती दिवस आहे, विचारलं तर म्हणाले, "सर्दी खंय हा? नुसता नाक बंद आसा." मी सगळं समजावलं. ड्रॉप्सने सूज उतरते, असर संपला की दुप्पट चढते, नाक पुन्हा चोंदतं.

बुवांनी नीट ऐकून घेतलं. "मगे परत घालूचे. मी ताच तर करतंय."

मग एक दिवस गाताना त्यांची छाती धडधडू लागली. त्यांची बायको, आमच्या काकी, आणि मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बीपी चांगलंच वाढलेलं निघालं. कुठली औषधं घेता, या प्रश्नावर बुवा म्हणाले, काहीच नाही. तेव्हा काकींनी त्यांच्या खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे सुटलं नाही तर गाणं बंद. बुवांचा चेहरा पडला. गाण्याशिवाय या माणसाकडे दुसरं काय आहे, या विचाराने मलाही वाईट वाटलं. आणि माघी गणपतीची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, तोंडावर आली होती.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी वेगळा स्प्रे दिला आणि आधी एकाच नाकपुडीतले ड्रॉप्स बंद करायला लावले. ती उघडली की मग दुसरी. त्या आठवड्यात मंडळातल्या एकेकाला अचानक सर्दी झाली आणि जो तो माझ्याकडे ड्रॉप्स मागू लागला. कुणासाठी ते मी ओळखलं आणि सगळ्यांना वाफ घ्यायला पाठवलं. बाकीच्या मेडिकलवाल्यांनाही फोन केले. बुवा थेट वडाळ्याला गेले. तिथेही माझा फोन आधी पोचला होता.

*

डबलबारीच्या संध्याकाळी बुवांची उजवी नाकपुडी मोकळी होती, डावीतले ड्रॉप्स दोनच दिवसांपूर्वी बंद केलेले. समोर शीव कोळीवाड्याचे बुवा होते. त्यांनी बसल्या बसल्या मान मागे टाकून दोन थेंब घातले आणि रीतीप्रमाणे बाटली आमच्या बुवांपुढे धरली. आमचं सगळं मंडळ बाटलीकडे बघू लागलं. समोरच्या बुवांनी दिलेलं परत करत नाहीत.

बुवांनी ती घेतली, कपाळाला लावली, स्टेजवरून उतरले आणि पहिल्या रांगेत माझ्या हातात देऊन पुन्हा वर जाऊन बसले. पहिला अभंग नाकातूनच आला. दुसऱ्याला आवाज मोकळा झाला. काकींनी डोळ्यांना पदर लावला.

मध्यंतरात कोळीवाड्याचे बुवा नाक दाबत माझ्यापुढे येऊन उभे राहिले. ताई, माझी बाटली द्या म्हणाले. मी पर्स घट्ट धरली आणि विचारलं, "कधीपासून घालताय?"

त्यांनी बोटांवर वर्षं मोजायला घेतली, बोटं संपली.

"कुठल्या माघीपासून सांगू?"