लेआ म्हणजे काय

दिल्लीच्या शाळेत माझ्या नावाचा अर्थ सगळ्यांना पाठ होता. लेआ. "ले आ! क्या ले आ? चॉक ले आ!" वर्ग ओरडायचा, आणि बाईही हसत मलाच चॉक आणायला पाठवायच्या. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले ज्यू. घरात मराठी, हिब्रू प्रार्थना आई देवनागरीत लिहून घेऊन म्हणायची. नावाबद्दल विचारलं, तर "याकोबाची पहिली बायको" एवढंच सांगायची.

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे माझी पन्नाशी उलटल्यावर, दिल्लीच्या सिनेगॉगमध्ये शुक्रवारच्या प्रार्थनेला इस्राएलहून एक बाई आल्या होत्या. मी नाव सांगितलं तशा त्या जरा थबकल्या. म्हणाल्या, शब्द फार जुना आहे. काही अभ्यासक त्याचं मूळ गाईसाठीच्या एका प्राचीन शब्दात शोधतात, पण हिब्रूत ऐकू येतो तो अर्थ 'थकलेली'.

मेट्रोने फरीदाबादला घरी येताना काचेबाहेरचं धुकं सरकत होतं आणि मी तो शब्द मनात घोळवत होते.

दुसऱ्या दिवशी आई बाल्कनीत उन्हाला बसून मटार सोलत होती.

"आई, थकलेली? असलं नाव ठेवलंत माझं?"

"मी कुठे? बाबांनी ठेवलं. त्यांना थोडं हिब्रू यायचं." तिचे हात चालूच होते. "तू जन्मलीस ती रडलीच नाहीस. श्वास नीट होता, पण डोळे मिटून नुसती पडून. नर्स तुला बाहेर दाखवायला घेऊन गेली, तर तीच घाबरलेली. हे तिला म्हणाले, 'सिस्टर, बहुत दूर से आई है. थक गई होगी. सोने दीजिए.'"

"मग?"

"मग काय, संध्याकाळी जी रडलीस, अख्खा वॉर्ड गोळा केलास!"

बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी तिथेच चटईवर आडवी झाले. पापण्यांवर ऊन लाल दिसत होतं. कुणीतरी मला दोन्ही हातांवर घेऊन एका लांबलचक व्हरांड्यातून सावकाश चाललं होतं. पावलांचा आवाज येत नव्हता. वाटेत जो भेटेल त्याला ते हळूच, हिंदीत, बाजूला व्हायला सांगत होते.

"अगं, दोन वाजले," आई म्हणत होती. "मटार-भात गार झाला."

मी कूस बदलली.