सुवर्णाबाईची पोत आणि मंत्र्यांचं उत्तर

नाशिकच्या डाव्या पाटाला लागून मौल्यांची वस्ती आहे. घरं मोजकी, मळे लहान, आणि बाराही महिने कुणाच्या ना कुणाच्या मळ्यात फूल: झेंडू, शेवंती, बिजली. पहाटे वस्तीतल्या बायका फुलांच्या पाट्या डोक्यावर घेतात, पाटाच्या रस्त्यानं फाट्यापर्यंत चालत जातात आणि तिथून टेम्पोनं फुलबाजार गाठतात. रस्त्यावर उजेड नाही. खांब आहेत. ते कुठल्याशा निवडणुकीच्या आधी उभे राहिले, आणि निवडणूक झाल्यावर त्यांना दिवे लावायचं सगळेच विसरले.

अंधारात चालायची या बायकांची एक रीत आहे. जिच्या गळ्यात सोनं, ती मधे. जिच्या गळ्यात नुसते काळे मणी नाहीतर खोटं, ती कडेला. नवी सून आली की सासू पहिल्याच पहाटे सांगते, "मधून चालायचं गं." पाटाच्या बाजूची कड सगळ्यात वाईट. तिकडं झुडपं माजलेली, आणि कुणी दबा धरून बसायचं म्हटलं तर तिथंच बसणार. त्या कडेनं सुवर्णाबाई चालायची. मौल्यांची थोरली सून, गळ्यात सासूनं दिलेली ठसठशीत पोत, आणि तरी कडेनं! बायका म्हणायच्या, "सुवर्णाबाई म्हंजे वाघीण हाय." सुवर्णाबाई हसायची आणि पाटी सावरायची. वाघीण म्हटलेलं कुणाला आवडत नाही?

खरी गोष्ट अशी होती की त्या वाघिणीच्या गळ्यातली पोत खोटी होती.

दोन वर्षांपूर्वी एका पहाटे ती एकटीच पुढं निघाली होती. बाजारात जागा धरायची घाई. झुडपातून मोटरसायकल निघाली, मागच्यानं हात घातला, आणि पोत गेली. मानेवर लाल वळ उठला, रक्त आलं. ती तशीच घरी परतली. तिचा नवरा खंडेराव अंगणात दात घासत होता. त्यानं मान पाहिली, आणि पहिलं काय म्हणाला, तर, "आरडाओरड नको करू. आईचं सोनं व्हतं ते. बाईला सांभाळता आलं नाय, म्हनतील लोकं." त्याच आठवड्यात सराफ बाजारातल्या एका टपरीवरून त्यानं तशीच दिसणारी पोत आणून दिली. वळ बरा होईस्तोवर सुवर्णाबाई मानेला पदर लपेटून हिंडली. कुणीही विचारलं नाही. विचारू नये म्हणूनच तर ती पदर लपेटत होती, पण कुणी विचारलं नाही याचं दुःख तिनं जपून ठेवलं. माणसाचं मन असंच आडमुठं असतं.

आणि यंदा दिवाळीनंतर भाग्यश्रीची पोत गेली.

भाग्यश्री ही धाकटी जाऊ. दीर दीपकची बायको, बारावी शिकलेली, बचत गटात बोलायला पुढं. ती चपलेचा बंद लावायला मागं थांबली आणि तेवढ्यात घात झाला. पण ही सुवर्णाबाईसारखी मुकाट घरी आली नाही. ती अशी किंचाळली की पाटापलीकडच्या वस्तीतली कुत्रीसुद्धा उठली. तशीच दीपकला घेऊन पोलिसांकडं गेली, तक्रार दिली, तक्रारीची प्रत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी पेपरात तिच्या मानेचा फोटो. तिसऱ्या दिवशी दारात आमदारांची गाडी.

आमदार ओसरीवरच्या खाटेवर बसले. म्हणाले, "ताई, मी हा विषय सोडणार नाही. पाटाच्या रस्त्याला दिवे आणि फाट्यावर पोलीस चौकी. नागपूरच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकतो. मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागेल." भाग्यश्री मान हलवत होती. आणि आत चुलीपाशी चहा कोण करत होतं? सुवर्णाबाई. आमदारांना कप कुणी नेऊन दिला? सुवर्णाबाईनं. आमदारांनी कप घेतला, आभार मानले, आणि पुन्हा भाग्यश्रीकडं वळले.

त्या कपाबरोबर सुवर्णाबाईच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. माझी गेली तेव्हा कुत्रं भुंकलं नाही, आणि हिची गेली तर नागपूर हलतंय! माझ्या मानेचा वळ पदरात मुरला, हिचा पेपरात छापून आला! पुढचे दिवस तर जाळायलाच उगवत होते. ज्या बायका रेशनचं, दवाखान्याचं, भांडणाचं सुवर्णाबाईला विचारून करायच्या, त्या आता तिच्या दारावरून पुढं भाग्यश्रीकडं जायच्या. सिंधुबाई तर तिची रोजची सोबतीण, जन्मभर तिच्या ओट्यावर बसून हार ओवलेली. तीही म्हणाली, "भाग्यश्रीमुळं चौकी येनार बघ आपल्याकडं." सुवर्णाबाईनं सुई अशी ओढली की दोरा तुटला.

भाग्यश्री मात्र पूर्वीसारखीच "जाऊबाई, जाऊबाई" करत यायची. सुवर्णाबाईला तेही खुपायचं. मोठेपणा मिळाला की नम्रपणा फुकट जमतो, असं तिला वाटायचं.

आता सरकारचं कसं असतं, ते सांगतो. आमदार नागपुरात विचारतात, "हे खरे आहे काय?" मंत्र्यांना काय ठाऊक, पाट कुठं आणि झुडूप कुठं. ते खात्याला विचारतात, खातं जिल्ह्याला विचारतं, जिल्हा ठाण्याला विचारतो, आणि ठाण्यातून एक हवालदार मोटरसायकलला किक मारून वस्तीवर येतो. राज्याचा सगळा कारभार शेवटी एका दारात येऊन उभा राहतो. तो सुवर्णाबाईच्या दारात उभा राहिला. त्या दिवशी भाग्यश्री माहेरी विंचूरला गेली होती. खंडेराव औषध फवारत होता.

"मावशी, सुवर्णा खंडेराव मौले तुम्हीच ना?" हवालदार घाईत होता. "उत्तर आजच वर पाठवायचंय. पाटाच्या रस्त्यावर याआधी चोरी झालीय का कुणाची? तुमची कधी काही चीज गेली का?"

सुवर्णाबाई खुरपं हातात घेऊन उभी राहिली. दोन वर्षं ज्या प्रश्नाची ती वाट पाहत होती, तो हाच. जिभेवर "हो" आलं होतं. पण त्या "हो"च्या मागं तिला भाग्यश्री दिसली. आपण हो म्हटलं की हिचं म्हणणं खरं ठरणार. चौकी येणार, नारळ फुटणार, फीत कापायला हिला बोलावणार, आणि आपण हिच्या मागं दोन नंबरला उभं राहून टाळ्या वाजवणार. पोत माझी आधी गेली, आणि नाव हिच्या नंतर?

"माझी?" ती म्हणाली. "नाय बा. ही काय गळ्यात."

आणि तिनं पदर बाजूला करून पोत वर उचलून दाखवली.

हवालदारानं पाहिली. पोत चांगली पिवळीधमक दिसत होती. सकाळीच घासलेली होती. "मग धाकट्या बाईंची?"

"आता काय सांगावं. ती लय धांदरट हाय. पडली बी आसंल कुठं."

हवालदारानं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, तिची सही घेतली आणि चहा न घेता गेला. सुवर्णाबाई पुन्हा खुरपायला बसली. कित्येक दिवसांनी तिला त्या दुपारी जेवण गोड लागलं. दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून स्वतःचं नाक कापून घेणारी माणसं असतात. नाक कापलं गेल्याचं त्यांना लगेच कळत नाही, एवढंच.

प्रश्न लागला त्या सकाळी वस्तीतल्या सगळ्या बायका मारुतीच्या ओट्यावर जमल्या. हारांची ऑर्डर होती, म्हणून मधे शेवंतीचा ढीग, आणि ढिगाला टेकवून भाग्यश्रीचा मोबाईल. अधिवेशन थेट दिसत होतं. थंडी होती, ऊन कोवळं होतं. सुवर्णाबाई मुद्दाम समोरची जागा धरून बसली. तिला भाग्यश्रीचा चेहरा नीट बघायचा होता.

आपले आमदार उभे राहिले तशी सिंधुबाईनं टाळी वाजवली. "अध्यक्ष महाराज," आमदार म्हणाले, "या रस्त्यावर पहाटे फुलं घेऊन जाणाऱ्या महिलांच्या पोती ओरबाडल्या जात आहेत. दोन वर्षांपूर्वी श्रीमती सुवर्णा खंडेराव मौले यांची, आणि आता त्यांच्या जाऊबाई भाग्यश्री यांची. पहिल्या वेळी कुणी दखल घेतली असती तर दुसरी वेळ आली नसती. हे खरे आहे काय?"

ओट्यावरच्या सगळ्या सुया थांबल्या. बायकांनी माना वळवल्या. सुवर्णाबाईला आधी वाटलं, कानात काही झालं. मग कळलं, आपलंच नाव. पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट, आणि पहिलं. भाग्यश्रीच्या आधी. क्षणभर, खरंच सांगतो, तिच्याइतकी सुखी बाई नाशकात नव्हती.

मग मंत्री उभे राहिले. त्यांनी चष्मा लावला आणि कागद वाचला. "महोदय, श्रीमती सुवर्णा मौले यांच्याकडे पोलिसांनी प्रत्यक्ष जाऊन चौकशी केली. त्यांची पोत चोरीस गेलेली नसून ती त्यांच्या गळ्यातच असल्याचे त्यांनी स्वतः दाखवले. दुसऱ्या घटनेतही पोत पडली असण्याची शक्यता त्यांनीच व्यक्त केली आहे. त्यामुळे चोऱ्या वारंवार होतात, हे खरे नाही. चौकीचा प्रश्न उद्भवत नाही."

सभागृहात कुणीतरी मोठ्यानं हसलं. "आधी पोत शोधा, मग चौकी मागा," असं कुणीतरी बसल्या जागेवरून ओरडलं. आमदार उपप्रश्न विचारायला उठले, दोन वाक्यं अडखळले आणि खाली बसले. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. तो कुठल्याशा बसस्थानकाचा होता.

भाग्यश्रीनं मोबाईल बंद केला. रडली नाही, ओरडली नाही.

"माझं नाव... आमदारांना कुनी सांगितलं?" सुवर्णाबाईनं विचारलं.

"मी सांगितलं," भाग्यश्री म्हणाली. "तुम्ही मानेला पदर लपेटून हिंडायच्या, तव्हाच वळ पाहिला व्हता मी. नंतरची पोत घामानं काळी पडायची, तुम्ही ती चोरून घासायच्या. तुम्ही थोरल्या. तुम्ही नाय बोलल्या, तर मी कसं विचारू? आमदारांना म्हटलं, पहिली चोरी आमच्या जाऊबाईंची झाली. त्यांचं नाव आधी घ्या, माझं मागून. म्हटलं, निदान पोलिसांनी विचारल्यावर तरी सांगतील."

सुवर्णाबाईनं गळ्यातली पोत मुठीत धरली आणि सगळ्यांच्या समोर पुढं केली. "खोटी हाय ही," ती म्हणाली. "माझी गेली. मी पोलिसाला खोटं सांगितलं. तुझं चांगलं झालेलं मला बघवंना, भाग्यश्री."

"मला काय दाखवता, जाऊबाई," भाग्यश्री म्हणाली. "हवालदाराला दाखवायची व्हती." आणि तिनं सुई उचलून अर्धा राहिलेला हार पुढं ओवायला घेतला.

दुसऱ्या पहाटे बायका नेहमीसारख्या पाटावर जमल्या. अंधार तसाच, खांब तसेच, झुडपं तशीच. रात्रभर जागलेली सुवर्णाबाई पाटी घेऊन पाटाच्या कडेला आपल्या जागी गेली, तर तिथं भाग्यश्री उभी. गळ्यात नुसते काळे मणी. सिंधुबाई मागून म्हणत होती, "जपून गं, भाग्यश्री." हे शब्द या रस्त्यावर सुवर्णाबाईला कधीच कुणी म्हटले नव्हते, आणि या घडीलाही, एवढं सगळं होऊन गेल्यावरही, ते तिला झोंबले.

"सरक," ती हळूच म्हणाली. "ही कड माझी हाय. मला चालू दे इथून."

भाग्यश्री हलली नाही. तिनं डोक्यावरची पाटी नीट केली.

"तुम्ही कशाला कडेनं, जाऊबाई? तुमची पोत गळ्यात हाय, मंत्र्यांनी सांगितलंय सगळ्या महाराष्ट्राला. तुम्ही मधून चाला."

बायकांनी गुपचूप जागा करून दिली. सुवर्णाबाई मधे आली, आणि फाट्यापर्यंत मधूनच चालत गेली.