जोडलेले हात

दातांच्या दवाखान्यात आज आमचे माजी खासदार बसलेले दिसले. दोनदा निवडून येऊन दिल्लीला गेले, तिसऱ्यांदा पडले. दार उघडून कुणीही आत आलं की त्यांचे हात अजून आपसूक जोडले जातात. येणारा मोबाईलमधून मान वर काढत नाही. मग ते हात हळूच गुडघ्यांवर परत येतात.

मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलो होतो.

आईला पायाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं होतं, तेव्हा रेल्वेचं तिकीट वेटिंगवर अडकलं होतं. भल्या सकाळी मी यांच्या दारात. ते बनियनवरच बाहेर आले, खासदार कोट्याच्या पत्रावर सही केली, फोनही स्वतःच लावला. "साहेब, जन्मभर विसरणार नाही," मी म्हणालो होतो.

पुढच्या निवडणुकीत मतदानाची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली. आम्ही घरचे सगळे समुद्रावर गेलो. साहेब थोडक्या मतांनी पडले. "अरेरे," एवढं मी म्हणालो. आणि निवडून आले की हे लोक आपल्याला विसरतात, असं चारचौघांत तावातावाने सांगणाराही मीच!

इतक्यात माझं नाव पुकारलं गेलं. वर्तमानपत्र खाली ठेवावंच लागलं. त्यांनी हात जोडले, क्षणभर निरखून पाहिलं.

"आई चालतात ना आता?"

"चालते, साहेब."

ते शेजारच्या माणसाकडे वळून कौतुकाने म्हणाले, "यांच्या घरची चार मतं शेवटपर्यंत माझीच हं!"

"हो, साहेब," म्हणालो आणि आत जाऊन, डॉक्टरांनी काही विचारायच्या आधीच डोळे मिटून घेतले.