अटक झाली होती काय? होय / नाही

मी पोलीस ठाण्यात रायटर होतो, म्हणजे लिखापढी करणारा हवालदार. लोकांना वाटतं, आमच्याकडे किस्से चोरांचे. छे हो! चोर बिचारे ठरावीकच बोलतात. किस्से साठले ते सभ्य माणसांचे! सत्तरच्या दशकात सोलापुरातून संरक्षण खात्यात अर्ज करणाऱ्यांची चौकशी माझ्या टेबलावर यायची. फॉर्मवर ठळक सूचना : माहिती लपवल्यास नोकरी जाईल.

*

होटगीच्या एकानं ‘कधी अटक झाली होती काय?’ यापुढं लिहिलं, ‘अजून नाही.’

साहेबांनी बोलावून विचारलं, “पुढचा बेत काय आहे?”

“तसं न्हाय साहेब. खरं लिवा म्हनलंय. उद्याचं मी कसं सांगू?”

*

एकाची निवड दारूगोळ्याच्या कारखान्यात. शेजारच्या मावशींना विचारलं, पोरगा कसा?

“लई गुणाचा! दारूचा वास आला तरी ताटावरनं उटतंय.”

मी नोकरी कुठली ते सांगितलं. मावशी खवळल्याच.

“मग असल्या पोराला दारूच्या कारखान्यात घालताय व्हय!”

*

ओळखीच्या दोन प्रतिष्ठित माणसांची नावं द्यावी लागत. एकानं आमच्याच बिराजदार हवालदारांचं नाव दिलं. अटकेपुढं मात्र ‘नाही’.

बिराजदार म्हणाले, “आपली वळख कुटली रे?”

“आसं काय करता साहेब! दोनदा तुमीच धरलं होतं की मला!”

*

आता लक्ष्मीचं सांगतो. विणकराच्या घरची, घरात तेलुगू, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. तिनं अटकेपुढं लिहिलं, ‘होय. रॉकेलच्या मोर्चात, एक दुपार.’

तिचे वडील धावत आले. “साहेब, पोरगी येडी हाय. अख्ख्या घराला आधार हुईल ही नोकरी. तेवढं ‘नाही’ करा की!”

“अप्पा, खोटं लिहून नोकरीला लागले, तर रोज भीतच कामाला जाईन,” लक्ष्मी म्हणाली.

मी रजिस्टर काढलं. त्या दिवसाची पानं दोनदा चाळली. अटकेची नोंदच नाही!

साहेब म्हणाले, “नोंद नाही म्हणजे अटक नाही. मग ही मुलगी खोटं लिहितेय.”

“नाही साहेब. याच हवालदारांनी आम्हाला गाडीत घातलं, इथं बसवलं, चहा पाजला आणि संध्याकाळी सोडलं,” तिनं बिराजदारांकडं बोट दाखवलं.

बिराजदारांनी टोपी काढली. “साहेब, बाया घरच्यावानी होत्या. कागद काय केला न्हाय. पोरगी खरं बोलतीया. खोटं आपलं रजिस्टर हाय.”

तिला नोकरी लागली, हे आधीच सांगून टाकतो.

साहेबांनी अर्ज माझ्यापुढं सरकवला. मग मला म्हणाले, “लिहा. अर्जदार पूर्णपणे सत्यवचनी.”

मी लिहिलं. “आणि रजिस्टरचं काय, साहेब?”

“रजिस्टरनं कुठं नोकरीला अर्ज केलाय?”