आत्तींच्या गाऱ्हाण्यातलं अनोळखी नाव

या सदरातले अनुभव मी शाळेत जेवणाच्या सुट्टीत वाचते आणि प्रत्येकाला मनातल्या मनात एक कारण चिकटवून टाकते... वारा, उंदीर, अपुरी झोप. मी देवभोळी नाही. टिळकवाडीतल्या एका शाळेचं ऑफिस सांभाळते आणि घरही वहीवरच चालवते. किराण्याची यादी, औषधांची यादी, कोणाच्या लग्नाला कोणी जायचं त्याचीसुद्धा यादी. हा अनुभव मात्र माझ्याच घरातला आहे, आणि त्याला चिकटवायला कारण मिळेना म्हणून लिहितेय.

आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. माझ्या आत्ती एक्याऐंशी वर्षांच्या. माहेर निपाणीजवळच्या खेड्यात, तंबाखूच्या शेतात वाढलेल्या. आमच्या फ्लॅटमध्ये राहतात. रोज सकाळी अंघोळ झाली की स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यापुढे उभ्या राहून रवळनाथाला गाऱ्हाणं घालतात. ‘सगळ्यांना सुखी ठेव’ असं मोघम त्यांना चालत नाही. एकेक नाव घेऊन सांगतात – “बाळूला राख. शोभाला राख. सुमितला राख, तिकडं पुण्यात खातोय काय न् पितोय काय...” बाळू म्हणजे माझे मिस्टर, वय वर्षं त्रेपन्न. शोभा मी. सुमित आमचा मुलगा. मग नणंदा, त्यांची मुलं, खालचा वॉचमन, दूधवाला. एकूण एकवीस नावं. क्रम ठरलेला, पहिला नंबर कायम बाळूचा. मी पोळ्या लाटता लाटता ऐकते, त्यामुळे मला पाठ आहे.

मामंजी गेले तेव्हा सुतक फिटल्याबरोबर चौदाव्या दिवशी त्या पुन्हा तिथे उभ्या होत्या. मला त्यांचा रागच आला होता. ज्याने ऐकलं नाही, त्याच्यापुढे परत कशाला उभं राहायचं? आणि सुमितला नोकरी लागली, घरात पेढे आले, त्या दिवशीही गाऱ्हाणं तेवढंच लांब. मी म्हटलं, “आत्ती, आता सगळं बरं चाललंय. आज तरी देवाला सुट्टी द्या.”

“बरं चाललंय ते कोण चालवतंय गं? तुजी वही?”

मी पुढची पोळी लाटायला घेतली.

तर या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी – करीला – पोळी तव्यावर टाकताना मी ऐकलं, “इनासला राख. बाळूला राख. शोभाला राख...”

मी मागे वळले. “आत्ती, इनास कोण?”

“कोण की.”

“मग नाव कुठून आलं?”

“तोंडात आलं. आलं म्हणून घेतलं.”

इनास. आमच्या सात पिढ्यांत हे नाव नाही. मिस्टर म्हणाले, ख्रिस्ती लोकांत असतं. निपाणीच्या खेड्यात वाढलेल्या, रवळनाथाच्या भक्त असलेल्या बाईच्या तोंडात ते कुठून यावं? दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. शेजारच्या काकूंनी हळूच सांगितलं की त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी परकी नावं, मग आपली माणसं परकी. त्या रात्री मला झोप लागली नाही. आत्तींनी मला गेली सत्तावीस वर्षं सांभाळलंय. त्या मला ‘कोण गं तू’ म्हणतील ही कल्पनाच सहन होईना.

मला सुचतं ते मी केलं... वही उघडली. पानावर लिहिलं, ‘आत्ती – डॉक्टरांना दाखवणे.’ खाली नोंदी. ‘कर, सकाळी – अनोळखी नाव, इनास.’ ‘रोज तेच.’ ‘नावांचा क्रम चुकतो. बाळूच्या आधी इनास.’ बेळगावातल्या मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट शिमग्यानंतरची मिळाली. तोवर मी त्यांना सुधारायचा प्रयत्न केला. “आत्ती, पहिलं नाव बाळूचं ना?”

“व्हय, हुतं.”

“मग?”

“आता ह्येचं हाय. आत घेतलेलं मानूस मी भाईर काढत न्हाय.”

मिस्टर हसून म्हणाले, “असू दे की. मी दुसरा नंबर घेतो.”

शिमग्याच्या आधीची गोष्ट. मिस्टर सर्व्हेअर आहेत, जमिनीची मोजणी करतात. त्या दिवशी कणकुंबीच्या बाजूला मोजणी होती. सकाळी अकराच्या सुमारास मला शाळेत अनोळखी नंबरवरून फोन आला. माणूस धापा टाकत बोलत होता.

“बाई, भिऊ नका. तुमचा घोव माझ्या गाडीत आहे. आग्यामोहोळ उठलं. माश्यांनी लई चावलंय. खानापूरला दवाखान्यात नेतोय, तुम्ही तिकडेच या.”

माझा हात सवयीने पेनकडे गेला. घाबरले की मी लिहिते. हॉस्पिटलचं नाव लिहिलं, गाडीचा नंबर लिहिला. मग विचारलं, “तुमचं नाव सांगा.”

“इनास.”

मी ते लिहिलं. लिहून झाल्यावर त्या नावाकडे बघत बसले. किती वेळ ते माहीत नाही, बाजूच्या शिक्षिकेने खांदा हलवला तेव्हा उठले.

खानापूरला पोचले तेव्हा मिस्टरांना सलाइन, ऑक्सिजन सगळं लावलेलं होतं. त्यांना ॲलर्जी आहे हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. घसा आतून सुजत चालला होता. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, वेळेत आणलंत. मोजणीचं साहित्य गाडीतून काढताना माश्या उठल्या होत्या. सोबतचे लोक वाट फुटेल तिकडे पळाले, हे रस्त्याच्या कडेला पडले. तेवढ्यात मागून एक पिकअप आली. ती चालवणाऱ्याने अंगावर घोंगडी ओढून यांना फरफटत केबिनमध्ये घेतलं आणि काचा चढवल्या.

तो माणूस बाहेर बाकावर बसला होता. पन्नाशीचा, एक डोळा सुजून बंद, ओठ केवढा तरी झालेला. हातात काठी. मी हात जोडले आणि विचारलं, “काठी आजच्यामुळे का?”

“नाय ओ. ही जुनी. तुमच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी माडावरून पडलो. दोन दिवस शुद्ध नव्हती. घरच्यांनी पाद्रीला बोलावून घेतलं होतं. पण उठलो कसा तरी.” मग तो त्या सुजलेल्या तोंडाने हसला. “आज पहिल्यांदा गाडी काढली. बायको ओरडत होती, चार दिवस थांब म्हणून.”

मिस्टरांना मी नंतर खोदून खोदून विचारलं. ते याला कधी भेटले नव्हते, घरी कधी त्याचं नाव काढलं नव्हतं. आत्ती त्या बाजूला कधी गेलेल्या नाहीत. लहानपणी कुठे ऐकलं असेल? असेल. पण मग नेमकं करीच्याच सकाळी का आठवावं? तारखेबद्दल माझी चूक होईल म्हणावं, तर वहीत माझ्याच अक्षरात आहे. मी वही तीनदा पाहिली.

संध्याकाळी घरी आले. आत्ती तांदूळ निवडत होत्या. फोनवर त्यांना फक्त ‘माश्या चावल्या, बरे आहेत’ एवढंच सांगितलं होतं. मी समोर बसून सगळं सांगितलं, नावासकट. त्यांचा हात थांबला.

“बरा हाय न्हवं त्यो?”

“हो, उद्या सोडतील यांना.”

“बाळूचं न्हाय गं इचारत. इनासचं.”

“...बरा आहे. डोळा सुजलाय.”

“मग झालं.” त्या पुन्हा खडे वेचू लागल्या. मी म्हटलं, आत्ती, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाल्या, “मला काय कळतंय? द्येव काय मला इचारून करतोय व्हय? राख म्हनायचं आपलं काम. कुनाला आदी राखायचं, ते त्येचं त्यो बगतो.”

डॉक्टरांची अपॉइंटमेंट मी रद्द केली नाही. गेलो. डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले, थोड्या वेळाने विचारले. आत्तींनी पाचही सांगितले, वर डॉक्टरांच्या मुलांची नावं विचारून घेतली. आता एकूण चोवीस नावं आहेत. वहीतल्या नोंदी मात्र मी डॉक्टरांना दाखवल्या नाहीत. ‘क्रम चुकतो’ ही ओळ आदल्या रात्रीच खोडली होती.

इनास आता येतो अधूनमधून. आत्तींसाठी काजू आणतो, त्या त्याला चहात साखर जास्त घालायला लावतात. करीच्या सकाळचं त्याला सांगितलं, तर त्याने कप खाली ठेवून छातीवर क्रूसाची खूण केली. आम्हा दोघांनाही काही उलगडलं नाही.

मागच्या आठवड्यात आत्तींना ताप होता. उठवेना. आतून आवाज आला, “शोभा, आज तू म्हन.” मी आयुष्यात कधी देवापुढे बोललेली नाही. पिठाचे हात धुतले आणि उभी राहिले. इनासला राख. बाळूला राख. सुमितला राख... पाठ होतंच, एक एक करत शेवटच्या नावापर्यंत पोचले. वळणार, एवढ्यात खोलीतून तापातला आवाज आला –

“एक ऱ्हायलं गं. तुजं.”

मी परत उभी राहिले.